रिपोर्ट नॉर्मल आला, तरी दुखणं खरंच आहे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार घरातल्या ३१ वर्षांच्या सुनेचं हे पत्र आहे. चार वर्षांपासून त्यांच्या पोटात मधूनमधून असह्य दुखतं, बहुतेक वेळा पाळीच्या आधीच्या आठवड्यात. उलट्या होतात, पोट साफ होत नाही, छातीत धडधडतं, रात्र रात्र डोळा लागत नाही. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, अपेंडिक्सही काढून झालं. काही सापडेना म्हणून 'टेन्शनचं आहे' असं सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि घरात त्यांच्या दुखण्याला 'नाटक' हे नाव पडलं. यंदाच्या झटक्यात मिरजेच्या एका फिजिशियननी लघवी तपासायला पाठवली. पोर्फोबिलिनोजेन नावाचा घटक मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. निदान झालं: तीव्र पॉर्फिरिया, म्हणजे शरीरात एक गरजेचा पदार्थ बनवण्याच्या साखळीत अडथळा येण्याचा आजार. त्याचा प्रकार ठरवण्यासाठी आता मलाची तपासणी सांगितली आहे. नमुना गोठवून, थंड डब्यातून मुंबईला जायचा आहे. सासूबाई म्हणतात, तसलं काही माझ्या फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. नवरा म्हणतो, लघवीत कळलंय ना, मग ही घाण कशाला? यात दोन महिने गेले. त्या लिहितात: "लाज वाटते हे खरं, पण त्याहून जास्त भीती वाटते. हा रिपोर्ट नॉर्मल आला तर सगळे म्हणतील, बघा, काही नव्हतंच. त्यात धाकट्या बहिणीला स्थळं बघतायत आणि आजार आनुवंशिक आहे म्हणे. तिचं लग्न होईपर्यंत गप्प बसू का?" जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय, की बेदाण्याच्या दिवसांत हाताच्या पाठीवर फोड येतात, ते डिपिंग ऑइलमुळे (बेदाणा करताना द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात त्यातलं तेल) असावेत.

ताई,

सगळ्यात आधी ती भीती बाजूला काढूया, कारण ती एका गैरसमजावर उभी आहे. मलाचा रिपोर्ट हा तुमच्या आजाराचा निकाल आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. तीव्र पॉर्फिरिया आहे की नाही, हा प्रश्न तुमच्या लघवीनं सोडवलेला आहे. झटका चालू असताना पोर्फोबिलिनोजेन इतकं वाढलेलं दुसऱ्या कुठल्याही पोटदुखीत दिसत नाही. टेन्शननं ते वाढत नाही, नाटक करून तर नाहीच नाही. तो कागद जपून ठेवा. चार वर्षं तुम्हाला जे सहन करावं लागलं, ते खरं होतं याचा तो पुरावा आहे आणि तो आता कुठलाही दुसरा रिपोर्ट खोडू शकत नाही.

मलाची तपासणी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते: तीन प्रकारांपैकी कोणता? अ‍ॅक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया, हेरेडिटरी कोप्रोपॉर्फिरिया आणि व्हेरिगेट पॉर्फिरिया, असे हे तीन. (चौथाही एक आहे, पण तो अतिदुर्मीळ आहे आणि त्यात पोर्फोबिलिनोजेन असं वाढत नाही.) यातल्या पहिल्या प्रकारात मलातली पॉर्फिरिन्स (त्या साखळीत मधल्या टप्प्यांवर तयार होणारे पदार्थ) बहुधा नॉर्मलच असतात, फार तर थोडी वाढलेली. म्हणजे तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला, तर त्याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही. लघवीच्या रिपोर्टशेजारी ठेवून तो वाचला, तर त्याचा अर्थ 'बहुधा पहिला प्रकार' असा होतो. हे वाक्य डॉक्टरांकडून नवऱ्यासमोर, नमुना पाठवायच्या आधीच वदवून घ्या. रिपोर्ट आल्यावर समजावत बसण्यापेक्षा ते सोपं जाईल.

आता, ही माहिती मलातच का शोधायची? तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. आपल्या शरीरात 'हीम' नावाचा पदार्थ आठ टप्प्यांत तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो लागतो आणि यकृतालाही सतत लागतो. पाटाच्या पाण्याला जशी ओळीनं दारं असतात, तसे हे आठ टप्पे समजा. एखादं दार अर्धवटच उघडत असेल, तर पाणी त्याच्या मागे तुंबतं आणि कडेनं फुटतं. कुठलं दार अडकलंय, त्यावर कुठला पदार्थ साचतो ते ठरतं. सुरुवातीच्या टप्प्यांतले पदार्थ पाण्यात सहज विरघळतात, म्हणून ते लघवीतून बाहेर पडतात. सगळ्यात शेवटचा, प्रोटोपॉर्फिरिन, पाण्यात विरघळत नाही. तो यकृतातून पित्तात उतरतो, पित्तातून आतड्यात येतो आणि मलावाटे जातो. लघवीत तो सापडायचाच नाही. त्याच्या आधीचा कोप्रोपॉर्फिरिन दोन्ही वाटांनी जातो, पण लघवीतला कोप्रोपॉर्फिरिन यकृताच्या साध्या तक्रारीत, दारूनं, काही औषधांनीसुद्धा वाढतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर भरवसा ठेवता येत नाही. मलात मात्र चित्र बरंच स्पष्ट असतं. कोप्रोपॉर्फिरिन खूप वाढलेलं आणि त्यातही 'तीन' क्रमांकाचं रूप 'एक'पेक्षा पुष्कळ जास्त, तर हेरेडिटरी कोप्रोपॉर्फिरिया. दोन्ही वाढलेले आणि प्रोटोपॉर्फिरिन वरचढ, तर व्हेरिगेट.

मी लॅबमध्ये काम करते, म्हणून एक गोष्ट तुम्हाला दाखवावीशी वाटते. आता हे मोजमाप यंत्रावर होतं, पण जुनी पद्धत अशी होती: वाटाण्याएवढा नमुना ईथर आणि अ‍ॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात घोटायचा, गाळायचा, त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलवायचं आणि नळी स्टँडवर ठेवून द्यायची. दोन थर वेगळे होतात. मग दिवे घालवून अतिनील दिव्याखाली नळी धरायची. पॉर्फिरिन असेल तर खालचा आम्लाचा थर लालबुंद उजळतो. वरचा थरही कधी लाल दिसतो, पण ते मेथी-पालकाचं हरितद्रव्य असतं. ते आम्लात उतरत नाही, वरच राहतं. ज्याला घरात घाण म्हणतायत, त्यातून अंधाऱ्या खोलीत इतकी नेमकी खूण वर येते. लॅबच्या टेबलावर त्या डबीकडे बघून कुणी नाक मुरडत नाही, याची खात्री बाळगा.

ही तपासणी करावी का, तर माझं मत आहे, करावी. कारण तुमच्या पत्रातली ती जाता जाता लिहिलेली ओळ. पहिल्या प्रकारात त्वचेला काही होत नाही. उरलेल्या दोन्ही प्रकारांत मात्र ऊन लागणाऱ्या जागी, विशेषतः हाताच्या पाठीवर, फोड येऊ शकतात, कातडी जरा घासली तरी सोलवटते, जखमा उशिरा भरतात आणि डाग राहतात. तुमचे फोड डिपिंगच्या द्रावणामुळेही असू शकतील. तळहाताला, बोटांच्या बेचक्यात, म्हणजे द्रावण लागतं तिथे आग होत असेल तर तसं समजायला जागा आहे. पण फक्त हाताच्या पाठीवर, आणि घरातल्या इतर कुणाला नाही, असं असेल तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवेत. पोटदुखीसाठी गेलेला माणूस हाताचे फोड दाखवत नाही आणि डॉक्टरही विचारायचे राहतात, हे नेहमीचं आहे. फोड आलेले असताना फोटो काढून ठेवा. आणि तोवर उन्हात लांब बाह्यांचा जाड शर्ट आणि हातमोजे घाला. साधं सनस्क्रीन इथे पुरत नाही, कारण पॉर्फिरिनला त्रास देणारा प्रकाश डोळ्यांना दिसणारा, जांभळ्या टोकाचा असतो. तो अडवायला कापडच लागतं.

तुमच्या मिस्टरांचं एक म्हणणं बरोबर आहे, तेही सांगते. झटक्यावरचा उपचार तिन्ही प्रकारांत जवळजवळ एकच. त्यामुळे प्रकार कळला नाही म्हणून उद्या काही अडेल, असं नाही. पण हातांचं काय करायचं, घरच्यांना कोणती तपासणी सांगायची, हे प्रकारावर ठरतं. शिवाय दोन महिने उशीर झाला म्हणून आता उपयोग नाही, असंही समजू नका. पहिल्या प्रकारात लघवीतला पोर्फोबिलिनोजेन झटका ओसरल्यावरही बराच काळ, कधी वर्षानुवर्षं, वाढलेला राहतो. उरलेल्या दोन प्रकारांत तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत खाली येतो, पण मलातली खूण टिकून राहते. म्हणजे बरं वाटत असतानाही ही तपासणी काही सांगू शकते.

दुसरा मार्ग थेट जनुक तपासणीचा. या तीन प्रकारांची तीन जनुकं आहेत आणि ती एकत्र तपासता येतात. रक्ताची एक नळी लागते, फ्रिजचा प्रश्न येत नाही. खर्च मात्र जास्त, आणि कधीकधी 'बदल सापडला, पण त्याचा अर्थ निश्चित नाही' असा रिपोर्ट हातात पडतो. तेव्हा मलाचा रिपोर्ट सोबत असला तर तो बदल खरा दोषी आहे की नाही, हे ठरवायला मदत होते. मला विचाराल तर आधी मल, आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लाझ्माची प्रकाश-तपासणी: व्हेरिगेट असेल तर प्लाझ्मातून उमटणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात ६२६ नॅनोमीटर (प्रकाशलहरीचं माप) या आकड्याच्या आसपास ठरावीक शिखर येतं आणि प्रश्न तिथेच मिटतो. मग जनुकं. पण घरात मलाच्या नमुन्यावरून रोजच रण माजणार असेल आणि पैशांची सोय होत असेल, तर सरळ जनुक तपासणी करा. काहीच न करता बसणं तेवढं नको.

फ्रिजच्या बाबतीत सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या स्वयंपाकघराचा प्रश्न आहे आणि तो सहज टाळता येतो. कलेक्शन सेंटरला आधी फोन करून सांगा, की सकाळी घेतलेला नमुना तासा-दोन तासांत आणून देते, तुमच्याकडे गोठवा. थर्मोकोलचा छोटा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या, बस्स. तासगावहून सांगली-मिरज फार लांब नाही. आठवड्याच्या सुरुवातीला द्या. शनिवारी दिलेला नमुना कुरियरच्या गोदामात रविवार काढतो.

काउंटरवर एक गोष्ट जपा. 'मलाची तपासणी' म्हटलं की बहुतेक वेळा जंत-अमीबा बघायची 'स्टूल रुटीन' लिहिली जाते. ती वेगळी. तुमच्या चिठ्ठीवर 'फीकल पॉर्फिरिन्स, क्वांटिटेटिव्ह, विथ फ्रॅक्शनेशन' असं असायला हवं आणि लॅब ती स्वतः करते की पुढे पाठवते, हे विचारून घ्या. नमुना सुपारीएवढा पुरतो. लघवी किंवा पाणी त्यात मिसळू देऊ नका. रुंद तोंडाच्या भांड्यात किंवा प्लास्टिकच्या कागदावर घेऊन मग डबीत भरा. डबीत कुठलंही औषध, फॉर्मेलिन नको. डबीला बाहेरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, कारण उजेडानं पॉर्फिरिन नष्ट होतं. पाळीत नमुना देऊ नका. मूळव्याधीचं रक्त जात असेल, अ‍ॅसिडिटीमुळे काळं शौच होत असेल, तर तसं लिहून द्या, कारण आतड्यातले जिवाणू रक्तापासूनही पॉर्फिरिन बनवतात आणि रिपोर्ट खोटाच वाढलेला दिसतो. मटणानंही तेच होतं, म्हणून आधीचे तीन-चार दिवस ते बंद ठेवा.

आता बहिणीचं. तुमचा प्रश्न 'लग्न होईपर्यंत गप्प बसू का' असा आहे. मी उलट विचारते: लग्नाच्या धामधुमीत तिच्या बाबतीत काय काय होणार आहे? बारीक दिसायला जेवण कमी करेल. जागरणं होतील. पाळीची तारीख हळदीवर येतेय म्हणून कुणीतरी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून देईल, आणि नंतर कदाचित गर्भनिरोधक गोळ्या. हा दोष असलेल्या शरीराला नेमकं हेच चालत नाही. पाळी लांबवायच्या गोळ्यांमधलं नॉरेथिस्टेरॉन हे झटका आणणाऱ्या औषधांपैकी आहे. म्हणजे जिथे गप्प बसायचं तुम्ही ठरवताय, तोच तिच्यासाठी जास्त धोक्याचा काळ आहे.

तिच्यात हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. निम्मी म्हणजे नसण्याचीही तेवढीच. आणि असला, तरी असे दोष असणाऱ्या बहुतेक माणसांना आयुष्यात एकही झटका येत नाही. दक्षिण आफ्रिकेत १६८८ मध्ये केपला लग्न झालेल्या एका डच जोडप्यापासून व्हेरिगेट पॉर्फिरिया हजारो वंशजांपर्यंत पोचला, हे डॉ. जेफ्री डीन यांनी वंशावळी जुळवून दाखवलं. ती माणसं पिढ्यानपिढ्या शेती करत, लग्नं करत, पोरंबाळं वाढवत जगली. घात झाला तो विसाव्या शतकात, बार्बिट्युरेट गटातली झोपेची औषधं आणि थायोपेंटोनची भूल आल्यावर. हातपाय लुळे पडले, काही दगावले. ज्यांना आपल्यात हे आहे हे माहीत होतं, त्यांना वाचवणं सोपं होतं.

म्हणून बहिणीला सांगा. फक्त तिला आणि आईवडिलांना; गावाला सांगायची गरज नाही. तुमचा जनुकातला बदल सापडला, की तिची रक्ताची एक साधी तपासणी पुरेल. तिच्या मलाच्या तपासणीवर विसंबू नका. धडधाकट माणसात ती नॉर्मल असूनही दोष असू शकतो. स्थळाला काय सांगायचं आणि कधी, हा निर्णय तिचा आहे. पण तो घ्यायला तिच्या हातात माहिती तरी हवी, आणि ती तिला तुमच्याशिवाय कोण देणार?

रिपोर्टची वाट न बघता आजपासून बदलायची गोष्ट म्हणजे उपवास. तुम्ही सोमवार, संकष्टी आणि नवरात्र उठता-बसता करता असं लिहिलंय. उपाशी राहिलं की यकृत हीम बनवायचं काम वाढवतं आणि अर्धवट उघडणाऱ्या दारामागे लोंढा येतो. झटके पाळीच्या आधी येतात ते तेव्हाच्या हार्मोन्समुळे, त्यात उपवास जुळून आला की भर पडते. व्रत सोडा, असं मी म्हणणार नाही. साबुदाणा, रताळं, राजगिरा, केळी, गूळ हे सगळं उपवासाचंच आहे; दर तीन तासांनी पोटात काहीतरी पडू द्या आणि संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबू नका. निर्जळी मात्र बंद. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलेलं जास्त चालेल.

दुसरी गोष्ट औषधांची. आधी मिळालेल्या झोपेच्या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवा. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट ही फिटची औषधं, सल्फा गटातली अँटिबायोटिक्स, क्षयाचं रिफाम्पिसिन, यांपासून लांब राहायचं. पॅरासिटामॉल चालतं. मेडिकलमधून परस्पर काहीही घ्यायचं नाही, आणि पर्समध्ये व आधार कार्डाच्या मागे 'तीव्र पॉर्फिरिया' अशी चिठ्ठी ठेवायची, कारण झटक्यात तुम्हाला बोलता येईलच असं नाही.

झटका आला तर घरी थांबू नका. ग्लुकोजची सलाइन लागते, पण रक्तातलं सोडियम तपासत तपासत, कारण या आजारात ते धोकादायक खाली जातं. खरं औषध हीमचं इंजेक्शन. ते आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून ते कुठून मागवता येईल याची चौकशी तुमच्या फिजिशियनना आत्ताच, बरं असताना करायला सांगा. हातापायांतली ताकद जाणं, आवाज बदलणं, श्वास लागणं, फिट येणं, यांपैकी काही दिसलं तर सरळ आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा.

हे वाचून ज्यांना आपली पोटदुखी आठवेल, त्यांच्यासाठी: सुरुवात मलाच्या तपासणीनं करू नका. आधी लघवी, तीही दुखत असताना घेतलेली, फॉइलमध्ये गुंडाळलेली, पोर्फोबिलिनोजेनसाठी. चोवीस तासांची साठवायची गरज नाही, एका वेळची पुरते. घेताना फिकी असलेली लघवी उजेडात ठेवल्यावर लालसर, गडद होत गेली, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. पोर्फोबिलिनोजेन नॉर्मल आणि त्याच्या आधीच्या टप्प्यातलं अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल तेवढं वाढलेलं असेल, तर आधी रक्तातलं शिसं तपासा. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कामावर असणाऱ्यांना, किंवा कुठून आणल्या ते सांगता येत नाही अशा भस्मांच्या पुड्या घेणाऱ्यांना अगदी अशीच पोटदुखी आणि असाच बद्धकोष्ठ होतो, आणि त्यावरचा उपचार पूर्ण वेगळा आहे.